मोझेलकाठी उपअभियंता

फ्रँकफर्ट, रविवार

ती. आईस,


घरच्या ग्रुपवर बाबांनी टाकलेले फोटो बघून तुझा समज झाला असेल, की आम्ही या उपअभियंत्यांना जर्मनीतली धरणं तपासायला नेलं होतं. तसं काही नाही. ओवीला सुट्टी लागली म्हणून आम्ही मोझेल नदीचं खोरं बघायला गेलो होतो. तिथे किल्ले आहेत, द्राक्षांच्या बागा आहेत, लाकडी सांगाड्यांची जुनी घरं आहेत, रानातल्या पायवाटा आहेत. बाबांच्या फोनमध्ये यातलं काहीच आलेलं नाही, म्हणून हे पत्र. दुपारी चष्मा लावून सावकाश वाच.

मोझेल फ्रान्समध्ये उगम पावते आणि ५४४ किलोमीटर वाहून कोब्लेंट्झला ऱ्हाईनला मिळते. सरळ जायचं तिला ठाऊकच नाही. कोखेम गावापासून आम्ही जिथे उतरलो त्या एलरपर्यंत ती वीसेक किलोमीटर वळसे घेते. रेल्वेला एवढा वेळ नव्हता, म्हणून त्या लोकांनी डोंगरातून ४,२०५ मीटरचा बोगदा काढला. १८७९ पासून गाड्या त्यातून जातात. एवढी देखणी नदी सोडून बाबा बोगदा यायची वाट बघत बसले होते. तो आल्यावर खिडकीला नाक लावून अंधारात काय बघत होते देव जाणे. बाहेर आल्यावर म्हणाले, "गळती कुठे दिसली नाही."

कोखेमचा किल्ला लांबून फार छान दिसतो. १६८९ मध्ये फ्रेंचांनी तो जाळला आणि पुढे पावणेदोनशे वर्षं तिथे नुसते अवशेष होते. मग १८६८ मध्ये बर्लिनच्या एका श्रीमंत व्यापाऱ्याने ते विकत घेऊन त्यावर आपल्या आवडीचा किल्ला बांधवून घेतला. हे कळल्यावर बाबांचा त्यातला रस संपला. "म्हणजे आपल्या सांगलीच्या आयर्विन पुलाच्या थोडा आधीचाच की!" असं म्हणून ते खाली गावात गेले आणि घरांच्या भिंती बघत सुटले. तिथल्या भिंतींवर महापुराच्या खुणा कोरल्यात, बाजूला साल. १७८४ ची आहे, १९९३ ची आहे. सांगलीच्या माणसाला किल्ल्यापेक्षा हे जवळचं, ते माझ्याही लक्षात आलं. बाबांनी प्रत्येक रेघेशी स्वतःला उभं करून बघितलं, आणि एका रेघेखाली उभं राहून अमेयला फोटो काढायला लावला. ग्रुपवर "बुडालो असतो" असं लिहून टाकलेला फोटो तो हाच. मावशी घाबरून फोन करत होती ना? तिला सांग.

दुसऱ्या दिवशी काल्मोंट. युरोपातल्या सगळ्यांत तीव्र चढाच्या द्राक्षबागा इथे आहेत, कुठे कुठे चढ ६५ अंशांचा. त्या बागांमधून एलरहून ब्रेम गावापर्यंत एक वाट जाते. अडचणीच्या ठिकाणी लोखंडी शिड्या आणि धरायला तारेचे दोर. अमेयने, तुझ्या जावयाने, यासाठी बूट, दोन काठ्या, पाठीवरची पिशवी आणि त्या पिशवीला पावसात घालायची दुसरी पिशवी, अशी खरेदी केली. हाच माणूस कॉलेजात असताना स्लीपर घालून राजगड चढला होता. जर्मनीत राहून माणूस बदलतो तो असा. इथे फिरायला जाणं म्हणजे कामावर जाणं. वाटेवर पाट्या, पाटीवर किती मिनिटं लागतील ते लिहिलेलं, आणि समोरून येणारे सत्तरीचे आजोबा ती मिनिटं पाळत असतात.

अमेय आणि ओवी शिड्या चढून गेले. वरून नदीचं वळण असं काही दिसतं म्हणे, की पाणी परत आल्या वाटेने निघालंय असंच वाटतं. पण ओवी खाली आली ती वेगळीच बातमी घेऊन. उभ्या डोंगरात एकच रूळ टाकलाय, त्यावरून द्राक्षांच्या क्रेटसकट एक माणूस बसून गेला! बाबांचा चेहरा बघायला हवा होतास. "मला आधी कोणी का नाही सांगितलं?"

त्यांना सांगणार कुठून? ते तेव्हा सेंट आल्डेगुंडच्या लॉकवर होते.

आता या लॉकचं नीट सांगते, कारण बाबा आल्यावर तुला हेच ऐकायचंय. जर्मनी, फ्रान्स आणि लक्झेंबर्ग यांनी १९५६ मध्ये करार केला आणि १९६४ पर्यंत या नदीवर बंधारे घालून ती मोठ्या मालवाहू जहाजांसाठी खुली केली. ट्रिअर ते कोब्लेंट्झ असे दहा बंधारे आहेत. प्रत्येकाला वीजघर आणि जहाजांना वर-खाली करायला निदान एक लांबलचक हौद. इथला हौद १७० मीटर लांब, १२ मीटर रुंद. जहाज आत येतं, मागचा दरवाजा लागतो, पाणी भरतं, आणि हजारेक टनांचा तो ऐवज सातेक मीटर वर उचलला जातो, पंपाशिवाय. वरच्या अंगाचं पाणी आपसूक खाली येऊन हौद भरतं. जहाज आणि भिंत यांच्यात कुठे कुठे वीतभरच अंतर असतं. बाबा कठड्याला टेकून घड्याळ लावून बसले. जहाजावरच्या बाईने दोरीवर कपडे वाळत घातले होते, सायकल ठेवली होती, कुंड्या होत्या. तिने हात केला, बाबांनी केला. हे सगळं मी बघितलं, कारण मला त्यांच्या सोबतीला ठेवलं होतं. खरं सांगते, मलाही मजा आली.

तिथेच मी एक आगाऊपणा केला. २०२४ च्या डिसेंबरमध्ये खालच्या म्युडेनच्या लॉकला एक जहाज धडकून दरवाजे मोडले होते आणि सत्तरेक जहाजं वरच्या अंगाला अडकून पडली होती, ते मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "मग? चालू कधी झालं?" म्हटलं, फेब्रुवारीत. बाबा गप्प. जरा वेळाने, "कुठल्या फेब्रुवारीत?" म्हटलं, लगेचच्याच. त्यानंतर जेवणापर्यंत ते एकच विचारत होते, की टेंडर कधी काढलं, मंजुरी कुणी दिली, आणि ऑडिटवाले गप्प कसे बसले. अमेयने विषय बदलायला सायकलींचं काढलं.

सायकलीचं थोडक्यात. नदीकाठाने सपाट रस्ता आहे, बाबा खुशीत निघाले. दोन आज्या गप्पा मारत त्यांना मागे टाकून गेल्या. मग एक आजोबा, मग आणखी दोन आज्या. बाबांनी जोर लावला, आज्यांनी लावला नाही, तरी त्या पुढेच. संध्याकाळी कळलं की त्यांच्या सायकलींना बॅटरी होती. तेव्हा कुठे त्यांनी चहा घेतला.

आता एल्ट्स किल्ला. आई, हा तुला दाखवायचाच आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झालं की पुढच्या वर्षी ये. मोझेलकेर्न स्टेशनवरून ओढ्याच्या काठाने रानातून जावं लागतं, आणि एका वळणावर झाडीतून एकदम समोर उभा. जुन्या ५०० मार्कांच्या नोटेवर याचं चित्र होतं. कोखेमसारखा हा कुणी जाळला नाही, पाडला नाही. साडेआठशेहून जास्त वर्षं एकाच घराण्याकडे आहे.

पण खरी गंमत घराण्याची. वाटणीत त्याच्या तीन शाखा झाल्या, आणि तिघींनीही किल्ला सोडला नाही. मधे एक चौक ठेवून प्रत्येकीने आपापला भाग चढवला. एकीने मजला वाढवला की दुसरी वाढवणार. म्हणून तो इतका उंच आणि इतका दाटीवाटीचा. बाबा चौकात उभे राहिले, वर बघितलं आणि म्हणाले, "याच्या सात-बारावर नावं किती असतील गं?" मला आपला तासगावचा वाडा आठवला. मधल्या भिंतीवरून चुलत आजोबा आणि आजोबा तेरा वर्षं बोलत नव्हते तो. इथल्या लोकांनी मात्र आधीच सोय करून ठेवली होती. ज्या मोठ्या दालनात सगळे भाऊबंद जमायचे तिथे भिंतीवर विदूषकांचे मुखवटे आहेत, म्हणजे इथे मनात येईल ते बोला. आणि दारावर एक गुलाब, म्हणजे बोललेलं इथेच ठेवा. काकूंना दारावर तो गुलाब लावून द्यावा का, असं मनात आलं. शिवाय पंधराव्या शतकात या किल्ल्यात वीसेक संडास होते. ते ऐकून बाबांनी पहिल्यांदा गाइडला प्रश्न विचारला. तो मी भाषांतर करून सांगितला नाही.

शेवटच्या दिवशी बाबांना तो एका रुळाचा गाडा दाखवायला बागेत नेलं. तोडणी चालू होती. बागवाल्याने मोठ्या कौतुकाने गाडा थांबवून दाखवला. तिथली जमीन म्हणजे शाळेच्या पाटीचा दगड, दिवसभर तापतो आणि रात्री वेलीला ऊब देतो. प्रत्येक वेल एकेका खुंटाला बांधलेली, फांद्या वाकवून बदामाचा आकार केलेला. बाबांना आपला तासगावचा द्राक्षांचा मांडव समजावून सांगायचा होता, म्हणून त्यांनी दोन्ही हात डोक्यावर नेले. बागवाल्याला वाटलं, हे शरण येतायत. मग मी मध्ये पडले. त्याने रीझलिंगचा घड हातावर ठेवला. बाबांनी दाणा खाल्ला आणि हळूच मला म्हणाले, "एवढंसं फळ, त्यात बी. तासगावच्या अण्णाने हे मार्केटला नेलं तर परत घेऊन येईल." बागवाल्याला मी सांगितलं, फार आवडलं म्हणतायत.

खूश होऊन त्याने फेडरवायसर दिली. ही ताजी, अजून आंबत असलेली वाइन, पांढुरकी, ताकासारखी दिसते. तिचं झाकण मुद्दाम घट्ट लावत नाहीत, वायू बाहेर जायला हवा. बाटली उभीच न्यायची, असं त्याने खुणेने आणि मी मराठीत सांगितलं. बाबांनी ती आडवी करून, फुटू नये म्हणून तू विणलेल्या मफलरमध्ये गुंडाळून पिशवीत घातली. कोब्लेंट्झच्या आधीच आमचा डबा दरवळायला लागला. समोरच्या आजी खुशीत हसत होत्या.

मफलर धुतलाय, पण वास गेलेला नाही. त्या वासासाठी बाबांनी तुला सांगायला थाप तयार ठेवली आहे: कोखेमच्या मोहरीच्या गिरणीतून तुझ्यासाठी घेतलेली बाटली गाडीत फुटली. ती बाटली मी त्यांच्याच बॅगेत, शर्टांच्या खाली, नीट ठेवली आहे. शाबूत आहे. पोळीला लावून बघ, फोडणीत घालू नकोस.

बाबा दिवाळीच्या आत पोचतात. चकलीची भाजणी मात्र इकडे येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठव.

तुझी,
मनू