रसग्रहण, रेडिमेड

बारावीच्या बोर्डाचा श्रीगणेशा बहुधा इंग्रजीनेच होतो. लेखी पेपर 80 गुणांचा. त्यातलं कवितेचं रसग्रहण क्लासवाल्यांनी आधीच उरकून ठेवलेलं असतं: कविता अत्यंत सुंदर, भाषा सोपी, संदेश मोलाचा. कवीचं नाव तेवढं बदलायचं. सुनीत असो की मुक्तछंद, भाषा सोपीच! मुलाखतीच्या प्रश्नातला पाहुणा क्रिकेटपटू असो वा शास्त्रज्ञ, यशाचं श्रेय आईवडिलांनाच देतो. अभ्यासक्रमात 'द साइन ऑफ फोर'चा उतारा आहे, पण ती कादंबरी कुणी मुळातून वाचायला घेतली, तर घरून बोलणी ठरलेली: "अभ्यास सोडून गोष्टी काय वाचत बसलायस?" तपासताना गठ्ठ्यातल्या सगळ्यांनाच कविता एकाच कारणासाठी आवडलेली दिसते. परीक्षक तरी काय करणार? सकाळच्या बॅचला ते त्यांनीच लिहून दिलेलं असतं.