अर्ध्या कोयत्याचा हिशेब

कोणत्या भाषेत लिहावं, हा वाद आमच्या बीड जिल्ह्यात आठशे वर्षं चालू आहे. मुकुंदराजांनी शके १११० मध्ये, म्हणजे इसवी सन ११८८ मध्ये, ‘विवेकसिंधु’ पुरा केला असं परंपरा सांगते, आणि त्यांची समाधी अंबाजोगाईला दाखवते. (वैनगंगेकाठच्या आंभोऱ्याची माणसं हे ऐकून घेत नाहीत, ग्रंथ आमच्या काठावर झाला म्हणतात. तो तंटा इथं नको.) वेदान्त सांगायचा तर संस्कृतात, असा त्या काळचा शिरस्ता होता. मुकुंदराजांनी मराठी घेतली आणि ग्रंथातच आपली बाजूही मांडून ठेवली: शास्त्राचा अर्थ मराठीतून हाती लागत असेल, तर तो का घेऊ नये?

थोर माणूस, त्यांच्याबद्दल वावगं बोलू नये. पण त्यांचं काम थोडं सोपं होतं असं मला राहून राहून वाटतं. त्यांच्यापुढं भाषा दोनच होत्या.

माझ्या भाच्यापुढं डझनभर आहेत. पोरगं केज तालुक्यातलं, अंबाजोगाईला पदवी घेऊन घरी बसलेलं. मी पोटापाण्यासाठी वेबसाइटी करतो, म्हणून त्याचा फोन मला. “मामा, वेबसाइटसाठी एक भाषा सांगा. एकच सांगा. दोन सांगितल्या की माझं डोकं फिरतं.”

डोकं आधीच फिरवलेलं होतं. हिंजवडीत कंपनीत असलेला चुलतभाऊ म्हणाला, जावा कर, नोकरीला मरण नाही. पुण्याच्या एका क्लासवाल्यानं सांगितलं, ‘फुल स्टॅक’ शिवाय आता कुणी दारात उभं करत नाही, आणि फुल स्टॅक म्हणजे जावास्क्रिप्ट, खालून वरपर्यंत. यूट्यूबवरचे एक गुरुजी म्हणाले, पायथन, कारण पुढं एआय आहे. आणि पीएचपी मेली, यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. ही पीएचपी मोठी चिवट बाई आहे. दरवर्षी कुणीतरी तिचा तेरावा घालतं, आणि त्या पंगतीत वाढायला तीच असते. ज्या वेबसाइटींच्या मागे कोणती भाषा आहे हे ओळखता येतं, त्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश अजून तिच्यावर चालतात. विकिपीडियाचं सॉफ्टवेअर तिच्यातच लिहिलेलं आहे. म्हणजे ती मेल्याची बातमी विकिपीडियावर टाकायची झाली, तरी तिच्याच हातानं टाकावी लागेल.

जून महिन्यात कृषी सेवा केंद्राच्या दारात उभं राहिलं की असेच सल्ले ऐकू येतात. बियाण्याच्या पिशवीवर काय छापलंय ते कुणी वाचत नाही. शेजाऱ्यानं काय पेरलं, मेहुण्याला गेल्या साली काय उतारा पडला, आणि दुकानदार उधारीवर काय द्यायला तयार आहे, या तीन गोष्टींवर सोयाबीनचं वाण ठरतं. नंतर चार महिने त्या वाणाची बाजू मात्र अशा तावातावानं घेतात, की जणू ते विद्यापीठात जाऊन निवडून आणलंय.

बरं, या भाषा तरी कुठं मुहूर्त बघून जन्मल्या? १९९५ हे साल काढून बघा. मे महिन्यात नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक नावाच्या गृहस्थांनी दहा दिवसांत एक भाषा बसवली. आधी तिचं नाव मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट. तेवढ्यात जावाचा बोलबाला झाला म्हणून डिसेंबरात बारसं बदलून जावास्क्रिप्ट. दोघींचं नातं म्हणाल तर आडनावापुरतं. जावाचंही पहिलं नाव ओक. जेम्स गॉसलिंग यांच्या कचेरीच्या खिडकीबाहेर ओकचं झाड होतं, एवढंच कारण. त्याच वर्षी जूनमध्ये ग्रीनलंडमध्ये जन्मलेले रासमुस लेर्डोर्फ यांनी पीएचपी लोकांना देऊन टाकली. आपला इंटरनेटवर ठेवलेला बायोडाटा कोण कोण बघतं हे मोजायला त्यांनी ती घरगुती अवजारं केली होती. पायथन यांच्याहून थोरली. ती गिडो व्हान रॉसम यांनी १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत सुरू केली, आणि नाव अजगरावरून नाही, एका इंग्रज विनोदी मंडळीवरून ठेवलं.

कुणी घाईत, कुणी सुट्टीत, कुणी आपल्याला नोकरीला कोण विचारतंय या काळजीत. आणि इकडं आमची पोरं त्यांच्यावरून मैत्र्या तोडतात.

घाईच्या खुणाही राहिल्यात. जावास्क्रिप्टमध्ये अवतरणातल्या पाचात एक मिळवला तर एक्कावन्न होतात, आणि त्याच पाचातून एक वजा केला तर बरोबर चार उरतात. पीएचपीतल्या सुरुवातीच्या फंक्शनांची नावं तर अर्थावर नाही, लांबीवर ठरली होती. सगळी नावं सारख्या लांबीची झाली तर शोधाशोधीला वेळ लागेल, म्हणून कुठं आखूड, कुठं लांब. हे खुद्द लेर्डोर्फ यांनीच सांगितलेलं आहे. माणूस प्रामाणिक.

तर भाच्यानं जावा धरली. कारण सोपं होतं, ज्या क्लासची फी भरून झाली होती तिथं जावाच शिकवत होते. आणि पहिलं काम मिळालं ते गावातल्या मुकादमाचं.

मुकादमाचं काम म्हणजे काय, हे बीडच्या वाचकाला सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. दसरा-दिवाळी झाली की इथली हजारो कुटुंबं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. जायच्या आधी मुकादम उचल देतो, म्हणजे आगाऊ रक्कम, आणि हंगामभर ती तोडीतून फिटत राहते. हिशेबाचं माप आहे कोयता. एक कोयता म्हणजे हातातलं अवजार नव्हे. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल कोयत्यावर ठरते, टोळी कोयत्यांनी मोजतात. आणि जो एकटा येतो, तो अर्धा कोयता.

तात्यांना, म्हणजे मुकादमांना, हा हिशेब मोबाईलवर बघायचा होता. वहीची पानं पावसात भिजतात, फडात हरवतात, आणि उचलीवरून भांडणं होतात. भाच्यानं जोरात काम केलं. नावांची यादी, माणसांची संख्या, भागिले दोन, बरोबर कोयते. चार माणसं, दोन कोयते. सहा माणसं, तीन कोयते. मग तात्यांनी एका बाईचं नाव सांगितलं. नवरा वारलेला, लेकरू पाठीशी घेऊन एकटी तोडीला जाणारी. भाच्यानं ‘एक’ भरलं. पडद्यावर कोयते आले शून्य.

तात्या चष्मा वर करून बघत राहिले. “आरं पोरा, शून्य कोयत्यानं ऊस कोण तोडायलंय?”

उचल मात्र तिच्या नावावर पुरी उभी होती.

यात जावाचं काही चुकलं नव्हतं, हे मला भाच्याला समजवायला बराच वेळ लागला. जावात दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच येतो. एकाला दोननं भागलं की शून्य, उरलेलं टाकून देते. ही तिच्या घराण्याची रीत आहे, सी भाषेकडून आलेली. पायथनची जुनी आवृत्तीही असंच करायची. २००८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून ती अर्धा म्हणायला लागली. पीएचपी आणि जावास्क्रिप्ट न विचारताच अर्धा देतात. भाचा लगेच म्हणाला, “म्हणजे मामा, जावा वाईट.” मी म्हणालो, जावानं तुला आधीच विचारलं होतं, कोयता हा पूर्णांक आहे का? तू हो म्हणालास. तिनं तुझ्यावर विश्वास ठेवला.

कोणती वस्तू कोणत्या जातीची, हे आधी स्पष्ट सांगायला लावणाऱ्या भाषा आणि ‘बघू नंतर’ म्हणणाऱ्या भाषा, हे खरं भांडण आहे. बाकी सगळं आडनावांचं. आणि या भांडणातही आमच्या अंबाजोगाईचा माणूस आधीच बोलून गेलाय. दासोपंत, १५५१ ते १६१५. ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा, आणि शिवाय ती प्रसिद्ध पासोडी: सुमारे ४० फूट लांब कापडावर लिहिलेला ग्रंथ. (बोटानं वर सरकवत राहायचं, पान संपत नाही, ही कल्पना आपली आजची नव्हे.) या दासोपंतांनी मराठीची बाजू घेताना भांड्यांचा दाखला दिला. संस्कृत एकदा ‘घट’ म्हणून मोकळी होते. पण घरातल्या बाईला रांजण वेगळा, डेरा वेगळा, सुगड वेगळं. एकाच नावात सगळी मडकी कोंबली तर नेमकं काय आणायचं ते कळणार कसं?

२०१२ साली मायक्रोसॉफ्टनं टाइपस्क्रिप्ट काढली, तीही हेच सांगायला, की जावास्क्रिप्टनं सगळ्याला घट म्हणून बरीच वर्षं भागवलं, आता रांजण की सुगड ते लिहून द्या. अँडर्स हेल्सबर्ग या तिच्या कर्त्याला दासोपंत माहीत असायचं कारण नाही. आमच्या भाच्यालाही नव्हते. त्यानं कोयत्याची जात पूर्णांकाऐवजी दशांश केली आणि दोनच्या पुढं टिंब देऊन शून्य लिहिलं. बाईचा अर्धा कोयता परत आला.

पुढचं भांडण कार्डांचं. तात्यांना प्रत्येकाचं ओळखपत्र छापायचं होतं, नाव मराठीत, आणि लांब नाव कार्डाबाहेर जाऊ नये म्हणून ठरावीक अक्षरांनंतर तोडायचं. इथं मी भाच्याला एक खेळ दाखवला. ‘बीड’ या शब्दात अक्षरं किती? पहिलीच्या बाई सांगतील, दोन. पायथनला, जावाला, जावास्क्रिप्टला विचारा: तीन, कारण वेलांटी त्या वेगळी मोजतात. पीएचपीचं जुनं मोजमाप वापरा: नऊ, कारण ती अक्षरं नाही, बाइट मोजते आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. अंबाजोगाईचे तर सत्तावीस होतात. एवढ्याशा गावाला एवढा मान कुणी दिला नसेल. पीएचपीत बहुभाषी अक्षरांसाठी वेगळी फंक्शनं आहेत, पण ती माहीत नसली की नाव मधोमध चिरलं जातं आणि माणसाच्या आडनावाच्या जागी काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह येतं. एलिक्सर नावाची एक भाषा आहे, ती बीडची अक्षरं बाईंसारखी दोन मोजते. पण तिचा क्लास मला अजून मराठवाड्यात दिसलेला नाही.

तुम्ही म्हणाल, मग जावाच राहिली ना? नाही. वेबसाइट इंटरनेटवर चढवायची वेळ आली, तेव्हा कळलं की स्वस्तातल्या होस्टिंगवर पीएचपी आणि मायएसक्यूएल मिळतं. जावासाठी वेगळा सर्व्हर भाड्यानं घ्यावा लागतो. तात्या म्हणाले, वर्षाला एवढे पैसे देण्यापेक्षा वही बरी. नोड, म्हणजे सर्व्हरवर चालणारी जावास्क्रिप्ट, घ्यावी तर पॅकेजं उतरवतानाच मोबाईलचा रोजचा दीड जीबी दुपारच्या आत संपून जातो, आणि त्यात लाइट गेली की उतरवलेलं अर्धवट. शेवटी भाच्यानं सगळं पीएचपीत पुन्हा लिहिलं. जिचा तेरावा झाला होता तीच कामाला आली, आणि अर्धा कोयता तिनं न सांगता अर्धाच धरला.

भाचा थोडा हिरमुसला होता. त्याला दादासाहेब भगत यांच्यासारखं काहीतरी करायचं होतं. आपल्याच जिल्ह्यातले, सांगवी पाटणचे. पुण्यात इन्फोसिसमध्ये ऑफिस बॉय म्हणून लागले, तिथं संगणकावर काम करणारी माणसं पाहिली, ग्राफिक्स शिकले, मग पायथन आणि सी प्लस प्लस. कोरोनात गावी आले तर घरात नेटवर्क नाही. टेकडीवरच्या गोठ्यात येत होतं, म्हणून मित्रांना घेऊन तिथंच कंपनी चालवली. पुढं टीव्हीवरच्या शार्क टँकमध्ये कंपनीच्या दहा टक्के हिश्श्याला एक कोटी मिळाले. भाच्यानं तो भाग पाहिला आणि लगेच फोन केला. “मामा, मग पायथनच ना?”

मी म्हणालो, आधी टेकडी बघ.

एक गोष्ट मात्र मी त्याच्याकडून हट्टानं करून घेतली. त्यानं सगळीकडं ‘वर्कर’ आणि ‘अ‍ॅडव्हान्स’ लिहिलं होतं, पडद्यावरही आणि आत कोडमध्येही. पडद्यावरचं तात्यांनीच बदलायला लावलं, कारण फडावर ते कुणालाच वाचता येईना. कोडमधलं मी. या सगळ्या भाषांमध्ये चलाचं नाव देवनागरीत देता येतं. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीत चालतं, जावात चालतं, जावास्क्रिप्टमध्ये चालतं, पीएचपीतही चालतं. तरी कुणी लिहीत नाही. कळफलक बदलायचा कंटाळा, आणि पुण्यातला कुणी बघून हसेल ही भीती. भाच्यानं निम्मं ऐकलं. आता त्याच्या फाइलीत ‘कोयता’ देवनागरीत आहे आणि ‘उचल’ रोमनमध्ये.

साइट सुरू झाली. तात्यांची तक्रार एकच, लई हळू उघडतीय. भाच्यानं रात्री जागून कोड तपासला, डेटाबेस तपासला. भाषाच हळू आहे, गो नावाची भाषा घ्यायला पाहिजे होती, असंही एकदा म्हणून झालं. मी त्याला पहिलं पान उघडायला सांगितलं. वर अंबाजोगाईच्या योगेश्वरी देवीचा फोटो होता, तात्यांनी स्वतः मोबाईलवर काढलेला, जसाच्या तसा चढवलेला, चार एमबीचा. उसाच्या फडात, टूजीवर रांगणाऱ्या नेटवर्कवर, टोळीतला प्रत्येक माणूस उचल बघायच्या आधी पाच मिनिटं देवीचं दर्शन घेत होता. भाच्यानं फोटो लहान केला, दुसरं काही केलं नाही.

आठवडाभरानं तात्या मला बसस्टँडवर भेटले. भलतेच खूश. “तुमच्या भाच्यानं भाषा बदललेली दिसतीय,” म्हणाले, “आता कशी पळायलीय बघा.” भाच्यानं त्यांना खरं सांगितलेलं नव्हतं, भाषा बदलायचे म्हणून दोन हजार घेतले होते.