कानवाला मिस्त्री

बडनेऱ्यापासून बाळापूरपर्यंत हायवेच्या कडेला ट्रकची जी गॅरेजं आहेत, त्यांच्यात एखादा तरी कानवाला मिस्त्री निघतोच. कान बाकीच्या मिस्त्र्यांनाही असतात, पण हा त्या कानांचे वेगळे पैसे घेतो.

याला कुणी सुखासुखी बोलावत नाही. इंजिन उतरवून झालेलं असतं, ब्लॉक लेथवर जाऊन बोअर होऊन आलेला असतो, नवे पिस्टन, नव्या रिंगा पडलेल्या असतात, हेड चढलेलं असतं आणि एवढं सगळं होऊन गाडी नुसती सेल्फ खात असते. सायलेन्सरातून न जळलेल्या डिझेलचा पांढरा धूर, आणि खाली मालकाचा काळा चेहरा. वरुडला संत्र्याचा माल तोडून ठेवलाय, तिकडून दर तासाला फोन. अशा वेळी हा येतो. आल्याबरोबर कामाला हात लावत नाही. आधी चहा, मग खर्रा. तोंडात खर्रा असल्यामुळे सुरुवातीचं सगळं निदान ‘हूं’ या एका अक्षरात होतं.

मग थुंकून पहिला प्रश्न. “पंप कोनं बसोला बे?”

“अकोल्याच्या मिस्त्रीनं.”

“तंच म्हनलं!”

अमरावतीचा मिस्त्री अकोल्याला नावं ठेवतो, अकोल्याचा अमरावतीला. मूर्तिजापूर मधात पडत असल्यानं दोन्हीकडून शिव्या खातं.

खरं तर दोष गावाचा नसतो, फेऱ्यांचा असतो. ट्रकच्या डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो. दाबून तापलेल्या हवेत डिझेलची फवार नेमक्या क्षणी पडली की ते आपोआप पेटतं. तो क्षण ठरवतो डिझेल पंप. क्रँक दोन फेऱ्या मारतो तेव्हा पंपाची एकच होते. त्यामुळे पहिला पिस्टन वरच्या टोकाला दोनदा येतो. एकदा हवा दाबत, एकदा धूर ढकलत. गिअरवरचे मार्क नीट जुळवले नाहीत आणि दुसऱ्या वेळेला पहिली समजून पंप बसवला, की सगळं काम चोख असूनही गाडी ढिम्म हलत नाही. सहा सिलिंडरच्या इंजिनात ओळखायची खूण सोपी आहे: पेटण्याचा क्रम एक-पाच-तीन-सहा-दोन-चार. पहिला दाबावर असेल, तर सहाव्याचे दोन्ही वाल्व्ह डोलायच्या बेतात असतात.

हे कानवाल्याला पक्कं ठाऊक असतं, पण तो सांगत नाही. टॅपेट कव्हर उघडून सहाव्याचे वाल्व्ह बघताना तो “तेल पायतो” म्हणतो.

पंप उतरवून, फिरवून परत बसवला, नळ्यांतली हवा काढली, की गाडी उठते. इथून कानाचा कार्यक्रम. तो लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला लावतो, मूठ कानाला लावतो आणि डोळे मिटतो. हेल्परांना बोलायची बंदी. टायमिंग पुढं असेल, तर इंजिन हातोडी मारल्यासारखं कडक ठोकतं. मागं असेल, तर धूर सोडतं, तापतं, चढावर दम टाकतं. एवढं कानाला खरंच कळतं. डिग्री मात्र कळत नाही.

ती कळते त्याच्या पेटीतल्या, चिंधीत गुंडाळलेल्या वाकड्या नळीला. दुपारी मालक जेवायला गेला की हा पंपाच्या पहिल्या तोंडाचा वाल्व्ह काढतो, तिथं ती नळी लावतो, हेल्परला हातपंप मारायला बसवतो आणि इंजिन हातानं हळूहळू फिरवतो. नळीतून पडणारी धार तुटून थेंबांवर आली, की तिथं पंपाचा दाब सुरू झाला. फ्लायव्हीलवरचा आकडा बघायचा, पंप खाचेत जरासा सरकवायचा, बोल्ट आवळायचे. बंगलोरच्या मायको कंपनीचं नाव 2008 साली बॉश झालं, तरी याच्या तोंडी पंप मायकोचाच आणि ही रीतही त्या काळातलीच. मालक ढेकर देत परत येतो, तेव्हा नळी पेटीत आणि मिस्त्री पुन्हा डोळे मिटून. लपवाछपवी आहे, पण लबाडी म्हणवत नाही. थेंब मोजायची मजुरी मालक किती देईल? कानाची मागेल तेवढी देतो.

वेळेच्या बाबतीत मात्र याचं समर्थन करणं कठीण. जून 2022 मध्ये याच अमरावती-अकोला रस्त्यावर 75 किलोमीटरचा एकपदरी डांबरी पट्टा 105 तास 33 मिनिटांत टाकून गिनेस विक्रम झाला. त्याच रस्त्याच्या कडेला एका इंजिनासाठी हा आठवड्याचा वायदा करतो आणि पंधरवडा लावतो. विक्रमाचा विषय काढला तर म्हणतो, “रोड सिधा होता ना बावा, त्याले काय टायमिंग लागते?”

हल्ली त्याचा घात एका तारखेनं केलाय. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-सहाच्याच नव्या गाड्या विकल्या जातात. त्यांत फवारा कधी मारायचा हे कॉम्प्युटर ठरवतो. पंप सरकवून काही होत नाही. गाडी अडली की आयटीआय झालेला पोरगा स्कॅनर घेऊन येतो, वायर खोचतो आणि पडद्यावरचा कोड वाचून कोणता सेन्सर गेला ते सांगतो. स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून उभा असलेला मिस्त्री मान हलवतो. “म्या मघाच म्हनलं होतं, सेन्सर हाये.” असं तो म्हणालेला नसतो. पोरगा वायर गुंडाळायला लागला की मिस्त्री त्याला चहाचं विचारतो, खर्रा पुढं करतो आणि डब्याकडं बोट दाखवतो. “हे केवढ्याले येते बे? जुनं भेटते का कुठी?”