निरक्षर बाईच्या नावाची पदवी

'व्यक्ती आणि समाज यांचे परस्परसंबंध स्पष्ट करा.' एरंडोलच्या कॉलेजातला पोरगा या प्रश्नावर दीड पान सहज भरतो. व्याख्या, दोन परदेशी विचारवंत, चार मुद्दे, समारोप. पास होतो. पुढे त्याच्या हाती पदवी पडते ती बहिणाबाईंच्या नावाच्या विद्यापीठाची. प्रश्नाचं उत्तर त्या नावातच आहे, पण त्या दीड पानात ते नाव येत नाही.

बहिणाबाई चौधरी, जन्म 1880, गाव आसोदा. समाजाने त्यांना शाळा दाखवली नाही. तेराव्या वर्षी लग्न लावलं, तिशीत वैधव्य आलं. शिकवणारा इथेच थांबला तर मुलांना वाटतं, समाज म्हणजे नुसता पायातला दोर. पण जात्यावरची ओवीही समाजानेच दिली. लेवा गणबोली दिली, सणवार दिले, मोटेचा आणि मळणीचा ताल दिला. कितीतरी पिढ्यांच्या बायकांनी दळताना घडवलेली ती ओवी बहिणाबाईंनी उचलली आणि तिच्यात स्वतःचा विचार ओतला. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी ती गाणी कागदावर उतरवली. 1951 मध्ये बहिणाबाई गेल्या. 1952 मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं आणि बोलीत कविता होते हे महाराष्ट्राने मान्य केलं. 2018 मध्ये जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं. समाजाने बाई घडवली, बाईने समाजाचा कान घडवला. दोन्ही बाजू एकाच आयुष्यात दिसतात.

आता वर्गात या. कुणी बोलता बोलता 'शेतात'ऐवजी 'वावरमा' म्हणतो. मागच्या बाकावर खसखस पिकते. पोरगा खाली बघतो, आणि पुढचं वर्षभर तोंड उघडत नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूलींनी 1902 मध्ये हेच मांडलं होतं: लोकांच्या नजरेत माणूस आरशात बघावं तसं स्वतःला बघतो. हा सिद्धांत आपण फळ्यावर लिहून देतो, आणि तो वर्गात घडत असतो तेव्हा 'शांत बसा' म्हणून पुढचा मुद्दा घेतो. धडा तिथेच होता. 'तुम्ही का हसलात? हसायला कुणी शिकवलं?' एवढं विचारलं असतं, तर समाज आपल्या आत कसा शिरतो ते चाळीस मुलांना एका तासात कळलं असतं.

प्रकल्पाचं तेच. झेरॉक्सच्या दुकानातून तयार पानं आणायची, वर रंगीत मुखपृष्ठ चिकटवायचं, गुण घ्यायचे. सर, मॅडम, हे बंद करा. त्याऐवजी एकच काम द्या. प्रत्येकाने एक संध्याकाळ घरातल्या किंवा गल्लीतल्या म्हातारीजवळ बसायचं. तिच्या लग्नाचं कुणी ठरवलं, ती शाळेत का गेली नाही, कोणती गाणी कुणाकडून शिकली, आणि घरातली कोणती रीत तिने स्वतः हट्टाने मोडली, हे विचारायचं. उत्तरं तिच्याच बोलीत लिहायची, शुद्ध करायची नाहीत. सोपानदेवांनी आईपाशी बसून केलं ते हेच.

मग ती वही वर्गात मोठ्याने वाचायला लावा. 'वावरमा' आलं आणि कुणी हसलं नाही, तर धडा शिकवून झाला.