वीस-चाळीस विरुद्ध दहा-तीस

(स्थळ : कळमनुरीतून हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचे एक गॅरेज. पात्रे : एक निवृत्त पेशकार, ज्यांच्या वडिलांनी निजामी अमदानीत दप्तर सांभाळले आणि ज्यांनी स्वतः परभणी जिल्ह्यात नोकरी धरून, १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाल्यामुळे, खुर्ची तसूभर न हलवता दुसऱ्याच जिल्ह्यात सेवानिवृत्त होण्याचा पराक्रम केला, एक मिस्त्री, ज्याला तहसील कचेरीच्या गिऱ्हाइकांमुळे अशा भाषेची सवय जडली आहे, आणि हळदीचा एक शेतकरी.)

पेशकार : मिस्त्री, नातवाची ही दुचाकी आपल्या हवाली करण्यापूर्वी आमची कैफियत नमूद करून घ्या. गेल्या खेपेस आपण हिच्या इंजिनात जे तेल ओतलेत, ते आम्ही अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून पाहिले असता, त्यात तेलाचा बाणा लेशमात्र आढळला नाही. किंबहुना ते पाण्याच्या भाऊबंदकीतले असावे, असा संशय घेण्यास पुष्कळ जागा आहे. सबब, मे महिना तोंडावर आला असता, बाजारात सर्वांत घट्ट असेल तेच तेल या खेपेस घालावे.

मिस्त्री : साहेब, बोटांनी तेलाची पारख झाली असती तर मी पान्हे विकून बोटांवरच धंदा केला असता. तुमच्या गाडीला दहा-तीस लागतं, तेच घातलं होतं.

पेशकार : दहा-तीस! म्हणजे दहा अंशांपासून तीस अंशांपर्यंतची सनद. ज्या कळमनुरीत वैशाखात पारा बेचाळीस-त्रेचाळिसावर चढून ठाण मांडतो, त्या कळमनुरीत हे तेल अंमलाच्या हद्दीबाहेर गेले, ही गोष्ट आपल्यासारख्या जाणत्या माणसाच्या ध्यानात येऊ नये? वीस-चाळीस आम्ही नाइलाजाने मान्य करू. न्यायाने पाहता वीस-पन्नासच हवे.

मिस्त्री : ते आकडे गावच्या हवेचे नव्हेत. मागचा आकडा तेल १०० अंशांना तापवून ठरवतात, कारण चालत्या इंजिनात ते साधारण तितकं तापतं. त्या उष्णतेत तीस नंबरचा घट्टपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, चाळीस नंबरचा १२.५ ते १६.३. आणि २० अंशांचं पाणी म्हणजे एक सेंटिस्टोक. भाऊबंदकी काढायचीच, तर दहाव्या पिढीतली निघेल.

पेशकार : बरे. आणि पुढचा आकडा?

मिस्त्री : तो थंडीचा, म्हणून त्याला ‘डब्ल्यू’ जोडलेला. वीस डब्ल्यूची परीक्षा उणे १५ अंशांवर होते, दहा डब्ल्यूची उणे २५ वर. तेवढ्या गारठ्यात तेल इंजिनाला फिरू देतं की नाही, ते पाहतात.

पेशकार : उणे पंचवीस! आमच्या वडिलांच्या उर्दू दप्तरापासून आमच्या अखेरच्या अहवालापर्यंत कळमनुरी तालुक्यात बर्फ पडून तगाई वाटल्याची एकही नोंद नाही. जो गुन्हा ह्या हद्दीत घडणेच अशक्य, त्याच्या तपासणीचा दाखला घेऊन आम्ही करावे काय?

मिस्त्री : पौषातल्या पहाटे किक मारावी. रात्रभर सगळं तेल खाली उतरून बसलेलं असतं. ते वर कॅमपर्यंत पोचेतो लोखंड लोखंडावर घासतं, आणि इंजिनाची बरीचशी झीज त्याच घटकेला होते. जे उणे पंचविसाला हलतं, ते आपल्या बारा अंशांत चटकन धावतं. तुमचं पन्नास नंबर मात्र सासुरवाडीला निघालेल्या जावयासारखं, बोलावल्याशिवाय उठणार नाही.

पेशकार : जावयाचे नाव काढलेत ते बरे केलेत. (पिशवीतून एक डबा काढतात.) आमच्या जावयांच्या नव्या मारुतीतले हे तेल उरले आहे. त्यावर शून्य-सोळा असे छापले असून, शून्य किमतीचा माल विकण्याची ही नवी तऱ्हा आम्हांस अनाकलनीय वाटते. तथापि फुकटचे तेल वाया घालविणे हेही सरकारी शिस्तीत बसत नाही.

मिस्त्री : त्यांच्या मोटारीला ते बरोबर आहे. नवी पेट्रोल इंजिनं तशाच तेलासाठी घडवलेली असतात. सोळा हा नंबरच मुळी २०१३ साली यादीत आला. पण दुचाकीत घालाल, तर नुसतं पातळपणावर भागणार नाही. मोटारीचा क्लच कोरडा, दुचाकीचा इंजिनाच्याच तेलात बुडालेला. मोटारीच्या अशा तेलात घसरण वाढवणारी औषधं असतात. क्लचप्लेट सुटायला लागल्या की मसोडच्या चढाला इंजिन ओरडेल आणि गाडी जागच्या जागी राहील. म्हणून डब्यावर ‘जासो एमए’ हा शिक्का बघायचा.

पेशकार : शिक्का! हे आपण आरंभीच सांगावयास हवे होते. शिक्क्यापुढे आमची तक्रार नाही. पण पातळ तेल दुबळे, हा आमचा मुद्दा अद्याप शाबूत आहे. आमच्या वडिलांच्या काळी गाडीच्या आसाला एरंडेल लावीत, आणि ते असे घट्ट, की बैल म्हातारे होत, पण आस कुरकुरत नसे.

मिस्त्री : एरंडेलाला मी नाव ठेवणार नाही. कॅस्ट्रॉल हे नावच १९०९ साली त्याच्यावरून पडलं. पहिल्या महायुद्धातली कित्येक विमानं एरंडेलावर उडायची, असं नांदेडच्या शिबिरात आम्हाला सांगितलं. त्या इंजिनांत तेल फिरून परत येत नसे. जळकं-अर्धजळकं मागे फेकलं जाई, थेट वैमानिकाच्या तोंडावर. रोज चार घोट पोटात गेल्यावर काय होतं, ते साहेबांना लहानपणापासून ठाऊक असेल.

पेशकार : (गंभीरपणे) म्हणजे शत्रूचा गोळा चुकविला, तरी परसाकडे धाव चुकत नसे. तो भाग कामकाजातून वगळावा.

मिस्त्री : आणि घट्टपणा हे बळ नव्हे, साहेब. फिरणारा दांडा स्वतःच तेल ओढून घेतो आणि त्याच्या पातळ पडद्यावर तरंगतो. पडद्याला फट किती ठेवली, हे इंजिन घडवणाऱ्याला माहीत. फार पातळ झालं तर पडदा फाटतो, हे तुमचं खरं. फार घट्ट झालं तर फटीत वेळेवर शिरत नाही, आणि ते घुसळण्यात पेट्रोल जातं ते वेगळंच. पूर्वी तेलाला एकच नंबर असे. अमेरिकेतल्या एसएई संस्थेनं १९११ साली ती पद्धत घातली. उन्हाळ्याचं वेगळं, हिवाळ्याचं वेगळं. मग अशी रसायनं निघाली, की ज्यांची वेटोळी गारठ्यात आखडून राहतात आणि उष्णतेत सुटून पसरतात. त्यामुळे तापलेलं तेल जितकं पातळ व्हायचं, तितकं होत नाही. एका डब्यात दोन ऋतू बसले, म्हणून दोन आकडे.

शेतकरी : (मघापासून ऐकत) मिस्त्री, तुमचा कज्जा लांबणार दिसतो. मला एकच डबा द्या, वीस-चाळीसचा. ट्रॅक्टरात तेच टाकतो, दुचाकीत तेच, अन् फवारणी पंपात बी तेच.

मिस्त्री : पंपात कुठं टाकता?

शेतकरी : पेट्रोलात मिसळून. काहून? धूर लई निघतो, पण कीड बी मरती.

मिस्त्री : कीड राहू द्या, पंप मरेल. तो टू-स्ट्रोक, त्याला टू-टी तेल, पेट्रोलासोबत पुरतं जळणारं. ट्रॅक्टर डिझेलचा, त्यात काजळी फार. ती धरून ठेवणारं तेल वेगळं. डब्यावर ‘सी’नं सुरू होणारी अक्षरं डिझेलची, ‘एस’नं सुरू होणारी पेट्रोलची. ट्रॅक्टरला पंधरा-चाळीस सांगितलं असेल तर तेच, बुलेटला पंधरा-पन्नास. शेजाऱ्याच्या पल्सरला वीस-पन्नास चालतं, म्हणून साहेबांच्या गाडीला चालेल असं नाही.

पेशकार : तोंडी युक्तिवाद पुष्कळ झाला. लेखी हुकूम दाखवा.

मिस्त्री : लेखी हुकूम तुमच्या घरी आहे. गाडीबरोबर पुस्तक मिळालं होतं.

पेशकार : ते पुस्तक आम्ही लाल फडक्यात बांधून, अनुक्रमांक घालून, पोलादी कपाटात दाखल केले आहे. ते उघडण्याचा प्रश्न कधी उद्भवला नाही. दप्तरातला कागद वाचला जाऊ लागला, तर तो खराब होतो, हा आमचा चाळीस वर्षांचा अनुभव.

(फोन होतो. नातू बस्ता सोडून पानाचा फोटो पाठवितो. पेशकार चष्मा कपाळावर सरकवून, पुन्हा नाकावर आणून, पान दोनदा वाचतात.)

पेशकार : ‘दहा डब्ल्यू-तीस, एमए.’ हं. अपील फेटाळण्यात येत आहे. वीस-चाळीसचा दावा नामंजूर, वीस-पन्नासचा खर्चासह नामंजूर. दहा-तीस ओतण्यास हरकत नाही.

(मिस्त्री नट सोडतो. काळे तेल तसराळ्यात उतरते.)

शेतकरी : हे जुनं तेल मला द्या, मिस्त्री. बैलगाडीच्या आसाला लावतो.

पेशकार : खबरदार! तो मुद्देमाल आहे. अपिलाची मुदत संपेपर्यंत जागेवरून हलविता येणार नाही.

शेतकरी : अन् मालक, अपील करणार तरी कोण?

पेशकार : आमचे जावई. शून्य-सोळाचा डबा त्यांना परत गेला, की करतीलच.