मूर्खलक्षणांत एकाची भर

समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खांची लक्षणं एकामागून एक सांगितली. त्यांच्या काळी बारावी सायन्स नव्हतं, म्हणून एक लक्षण त्या यादीत यायचं राहून गेलं. सीईटीत पर्सेंटाइल भरपूर आहे, कॅप राउंडला कॉम्प्युटर मिळतंय, घरच्यांनी हॉस्टेलची चौकशीही करून ठेवली आहे. आणि अशा वेळी जो मुलगा किंवा मुलगी "मला आर्किटेक्चरला जायचंय" म्हणते, तिची गणना मूर्खांत करावी. हा निकाल मी देत नाही. निकालाच्या दिवसांत कुठल्याही सोसायटीच्या फाटकाशी उभं राहिलं की तो एकमताने ऐकू येतो. मला या मूर्खपणाची स्तुती करायची आहे, आणि ती मनापासून करायची आहे.

पहिला मूर्खपणा वेळेचा. इंजिनिअरिंग चार वर्षांत उरकतं, आर्किटेक्चरला पाच लागतात. त्यातलं एक सेमिस्टर कुणाच्या तरी ऑफिसात ट्रेनिंगला जातं. बरोबरचा मित्र कॅम्पसमधून नोकरीला लागून पेढे वाटतो, तेव्हा आपला मूर्ख थिसिसची साइट शोधत फिरत असतो. मग डिग्री, मग कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी, आणि तेव्हा कुठे नावामागे आर्किटेक्ट लागतं.

हा वेळ जातो कुठे? एखाद्या जुन्या वाड्यात मोजमापं घेणारी मुलं पाहावीत. एकजण टेपचं टोक खांबाला धरून बसतो, दुसरी आकडा ओरडते, तिसरा पॅडवर उतरवतो. खण किती, जोतं किती उंच, कडीपाटाच्या दोन कड्यांमध्ये अंतर किती, ओसरीवरून माजघरात शिरताना चौकट किती खाली येते. दुपारी बाहेर ऊन मी म्हणत असतं, आणि चौकाच्या कडेला बसलेल्या या मुलांच्या लक्षात येतं की इथे पंखा नाही आणि तरी घाम आलेला नाही. मग ती पुन्हा टेप काढतात. या वेळी चौकाची रुंदी आणि भिंतीची उंची यांचा हिशेब घालायला. त्या दुपारचं सर्टिफिकेट कुणी देत नाही, बायोडेटात ती लिहिता येत नाही. पण ज्याने असा वाडा एकदा हाताने मोजला, तो पुढे घर काढताना वारा कुठून येईल हे विचारल्याशिवाय पेन्सिल टेकवत नाही. याला एक जादा वर्ष लागत असेल, तर ते लागू द्यावं.

दुसरा मूर्खपणा केलेलं काम मोडण्याचा. सबमिशनच्या आधीची रात्र कटर, माउंटबोर्ड आणि फेव्हिकॉल यांत जाते. सकाळी जूरीसमोर मॉडेल ठेवलं जातं. परीक्षक वाकून, डोळा जमिनीच्या पातळीवर आणून जिन्याकडे पाहतात आणि विचारतात, "या घरातल्या आजी वर कशा जाणार?" मुलीने जिना नियमात बसवलेला असतो. नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे घरातल्या जिन्याची पायरी जास्तीत जास्त 190 मिलिमीटर उंच आणि किमान 250 मिलिमीटर रुंद चालते. 3 मीटरचा मजला चढायला अशा सोळा चढण्या पुरतात. पण आजींचे गुडघे कोड वाचत नाहीत. चढणी 150 वर आणली की सोळाच्या वीस होतात, पाय टेकायला 300 ची रुंदी दिली की सरळ जिन्याची लांबी पावणेचार मीटरवरून पावणेसहाच्या घरात जाते. जिना लांबला की स्वयंपाकघर सरकतं, स्वयंपाकघर सरकलं की खिडकी जाते, आणि रात्रभर जागून केलेला प्लॅन पहिल्यापासून काढावा लागतो. ती मुलगी तो काढते. मार्क आधीच पडलेले असतात, तरी काढते. इतकं वेड अंगात असल्याशिवाय कुणाच्या आजीची काळजी घेता येत नाही, असं मला वाटतं.

तिसरा मूर्खपणा पैशाचा, आणि तो झाकण्यात अर्थ नाही. सुरुवातीचा पगार कॉम्प्युटरवाल्या मित्रासमोर सांगावासा वाटत नाही. स्वतःचं काम सुरू केलं की क्लाएंट म्हणतो, "एक नकाशा तर काढायचाय, त्याचे एवढे?" हा मूर्खपणा फार मोठ्या माणसांनी केलेला आहे. 1927 साली पुण्यात जन्मलेले, मुंबईच्या जे.जे.त शिकलेले बाळकृष्ण दोशी पॅरिसला ल कॉर्बुझिए यांच्याकडे गेले आणि सुरुवातीचे आठ महिने बिनपगारी राबले. वास्तुकलेतला सर्वात मानाचा प्रिट्झ्कर पुरस्कार त्यांना 2018 मध्ये मिळाला, तेव्हा ते नव्वद वर्षांचे होते. तो मिळवणारे ते पहिले भारतीय.

चौथा मूर्खपणा कायद्याचा. 1972 च्या आर्किटेक्ट्स ॲक्टचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं की नोंदणी नसलेल्यांना बंदी आहे ती आर्किटेक्ट ही उपाधी लावण्याची. इमारतीचं डिझाइन करण्याचं काम कायद्याने फक्त आर्किटेक्टसाठी राखून ठेवलेलं नाही. म्हणजे पाच वर्षं घासून जे मिळतं ते कुंपण असं लहान. मग आपली गरज सिद्ध करायला हाताशी उरतं ते केवळ काम. ज्याला हे कळूनही जावंसं वाटतं, त्याला मी तरी अडवणार नाही.

आता इंजिनिअरिंगबद्दल. ते शहाण्यांचं क्षेत्र आहे आणि त्या शहाणपणाबद्दल मला निखळ आदर आहे. पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत शिकलेल्या विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्यासाठी आपोआप उघडणारे दरवाजे तयार केले, तेव्हा पाणी किती दाबाने येईल याचा अचूक हिशेब त्यांच्याकडे होता. असा हिशेब ज्याला रात्री झोपू देत नाही, त्याने इंजिनिअरच व्हावं. आणि या दोघांत वैर आहे, ही समजूत फक्त ॲडमिशनच्या फॉर्मपुरती टिकते. 1965 मध्ये खाडीपलीकडे नवी मुंबई वसवावी अशी योजना मांडली ती चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता या दोन आर्किटेक्टनी आणि शिरीष पटेल या सिव्हिल इंजिनिअरने मिळून. दिल्लीच्या प्रगती मैदानावरचं हॉल ऑफ नेशन्स 1972 मध्ये उभं राहिलं ते राज रेवाल आणि महेंद्र राज या आर्किटेक्ट-इंजिनिअर जोडीमुळे. पोलाद परवडत नव्हतं, म्हणून एवढी मोठी स्पेस फ्रेम त्यांनी काँक्रीटमध्ये, मजुरांच्या हातांनी ओतून घेतली. 2017 मध्ये ते पाडलं गेलं, याचं दुःख दोन्ही बाजूंच्या माणसांना झालं. आणि ज्या आयआयटीसाठी मुलं अकरावीपासून क्लासला जुंपली जातात, त्यांतल्या कानपूरच्या आयआयटीचा परिसर आखला तो कोकणातल्या आचऱ्यात जन्मलेल्या अच्युत कानविंदे यांनी. इंजिनिअर व्हायला आलेली मुलं गेली साठ वर्षं एका आर्किटेक्टने धरलेल्या सावलीतून वर्गात जातात.

मग मूर्खपणाची गरजच काय, असं कुणी विचारील. त्याने मुंबईच्या गोवंडी-मानखुर्दला जावं. नटवर पारेख आणि लल्लूभाई कंपाउंडच्या पुनर्वसन वसाहतींत इमारती काही ठिकाणी एकमेकींपासून जेमतेम 3 मीटरवर उभ्या आहेत. खालच्या मजल्यांवर भरदुपारी दिवा लावावा लागतो, खिडकी उघडली तर समोरच्याची खिडकी लागते. तिथल्या क्षयरोगाचा संबंध या कोंदटपणाशी असल्याचं अभ्यासातून दाखवलं गेलं आहे. या इमारती पडलेल्या नाहीत. त्यांचे कॉलम मजबूत आहेत, घरांची संख्या बरोबर भरते, मंजुरी रीतसर आहे. शहाण्यांची सगळी गणितं जुळली आणि माणसं खोकत राहिली, कारण खालच्या मजल्यावर ऊन किती वाजता येईल हा वेडगळ प्रश्न धरून बसायला कुणी नव्हतं, किंवा होतं त्याचं कुणी ऐकलं नाही.

मूर्खपणाची गरज काय, याचं दुसरं उत्तर इंदूरला आहे. गरिबांसाठी अरण्य वसाहत आखताना दोशींनी पूर्ण घरं बांधून दिली नाहीत. जोतं, संडास-मोरी आणि पाण्याची सोय असलेला तुकडा दिला आणि पुढचं घर ज्याचं त्याने ऐपतीप्रमाणे वाढवायचं ठेवलं. गल्ल्या, ओटे, मोकळ्या जागा मात्र आधी विचार करून आखल्या. तिथे आज 80 हजारांहून अधिक माणसं राहतात. मालकाने एक खोली वाढवली की प्लॅन बिघडत नाही, कारण वाढण्याची जागा प्लॅनमध्येच होती.

एक इशारा मात्र द्यायला हवा. "हिचं ड्रॉइंग बरं आहे" किंवा "याला मॅथ्स झेपत नाही" म्हणून आर्किटेक्चरला पाठवू नका. तिथे फिजिक्स-मॅथ्स लागतं, पुढे स्ट्रक्चर शिकावं लागतं, आणि सुंदर चित्र काढणारी पुष्कळ मुलं दुसऱ्या वर्षी गळतात. खूण वेगळीच आहे. नातेवाइकांच्या नव्या फ्लॅटमध्ये गेल्यावर जे मूल टाइल्सची किंमत न विचारता "इथे कपडे वाळत कुठे घालणार?" असं विचारतं, त्याच्यावर लक्ष ठेवा. बसस्टॉपवर म्हाताऱ्यांना टेकायला जागा का नाही म्हणून जे वैतागतं, त्याच्यावरही ठेवा.

असं मूल घरात असेल, तर सीईटीबरोबर त्याचा नाटाचा, म्हणजे आर्किटेक्चरच्या प्रवेशपरीक्षेचा, फॉर्मही भरा. एकाने दुसरं अडत नाही. कॉम्प्युटरला जाऊन ते सुखी झालं तर आनंदच आहे. पण पर्सेंटाइल चांगले आले म्हणून त्याला तिकडे ढकलू नका. कॉम्प्युटरच्या जागेसाठी रांगेत कुणी ना कुणी उभंच असतं. दोन इमारतींमधल्या 3 मीटरचे 6 मीटर करा म्हणून बिल्डरशी, महापालिकेशी आणि स्वतःच्या प्लॅनशी भांडणारं माणूस मात्र शहराला सहज मिळत नाही.