कोरा हौदा

डॅलसच्या उत्तरेला प्लेनो, फ्रिस्को, मॅकिनी ही उपनगरं एकाला एक चिकटून आहेत. त्यांतल्या कुठल्याही गल्लीत शिरा, तिसऱ्या-चौथ्या घरात डेल राहतो. नाव कधी स्कॉट असतं, कधी ग्रेग. आमच्या समोरच्याचं डेल आहे, म्हणून सगळ्यांना डेलच म्हणू. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. नोकरी विमा कंपनीत. दिवसभर स्क्रीनसमोर बसून इतरांच्या अपघातांचे दावे निकालात काढायचे. स्वभावाने गोड, आवाजाने मोठा. पायात गुराख्याचे बूट, पण गाय जवळून पाहिली ती डॅलसच्या स्टेट फेअरमध्ये, तीही तिकीट काढून. आणि दारात फोर्ड एफ-१५० पिकअप ट्रक.

दारात म्हणजे खरोखर दारातच. घराला दोन गाड्यांचं गॅरेज आहे, पण ट्रक सव्वाएकोणीस फूट लांब आणि आरसे धरून आठ फूट रुंद. आत घातला तर गॅरेजचं दार लागत नाही, आणि नेटाने लावलंच तर डेलला ट्रकमधून उतरता येत नाही. त्यामुळे गॅरेजमध्ये ख्रिसमसचं प्लास्टिकचं झाड, बंद पडलेली ट्रेडमिल आणि जुन्या पडद्यांची खोकी सुखाने नांदतात, आणि सात वर्षांच्या हप्त्यांनी घेतलेली, साठ हजार डॉलरच्या घरातली गाडी उन्हात उभी असते. वसंतात इकडे लिंबाएवढ्या गारा पडतात. आभाळ हिरवट झालं की डेल घरातल्या सगळ्या रजया घेऊन धावत सुटतो आणि ट्रकला पांघरूण घालतो. मुलगी त्या वेळी कुठे आहे हे त्याला नंतर आठवतं.

ट्रक कशाला, असं त्याला विचारू नये, पण मी विचारलं. डेलचं उत्तर चार शब्दांचं आहे: ‘आणि कधी लागला तर?’ या चार शब्दांवर डेट्रॉइटचे कारखाने चालतात. फोर्डची एफ-मालिका १९७७पासून अमेरिकेतला सर्वाधिक खपाचा ट्रक आहे, आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून सर्वाधिक खपाचं वाहन. ट्रकचा वेगळा उल्लेख करायची गरजच उरलेली नाही. नीट सजवून घेतलेला एफ-१५० सहा टनांच्या आसपास वजन ओढू शकतो. डेलकडे ओढण्यासारखं काही नाही. होडी नाही, घोडा नाही, घोड्याची ट्रॉली नाही. मागचा हूक मात्र चकचकीत आहे. तो दर रविवारी पुसला जातो. यात डेल एकटा नाही. स्ट्रॅटेजिक व्हिजन ही संस्था वाहनमालकांना त्यांच्या सवयी विचारत असते. तिच्या पाहणीप्रमाणे चारांतले तीन ट्रकवाले वर्षातून फार तर एकदा मागे काही जोडून ओढतात. हौद्यात सामान घालण्याचं म्हणाल, तर तिघांतल्या एकाला तेही वर्षातून एखादवेळीच जमतं.

गेल्या उन्हाळ्यात आमचे नाना आले होते. उभा जन्म फलटणकडच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर गेलेला. गाडी फाटकातून आत वळली की टायर बघून टन सांगणारा माणूस. पहिल्याच सकाळी ते रस्ता ओलांडून ट्रकला प्रदक्षिणा घालू लागले. डेल आनंदाने बाहेर आला. मी मध्ये दुभाषा.

“किती टन बसतो म्हणावं?”

डेलने अश्वशक्ती सांगितली. मग स्पीकर किती ते सांगितलं. मग उन्हाळ्यात सीटमधून पाठीला गार वारा लागतो, ते बसवून दाखवलं. सीट कातडी होत्या आणि त्यांच्यावर किंग रँचची, म्हणजे दक्षिण टेक्ससमधल्या आठ लाख एकरांच्या गुरांच्या कुरणाची, गुरांना डागायची खूण उमटवलेली होती. फोर्ड २००१पासून या नावाने ट्रक विकतं. डेलची स्वतःची जमीन एकराचा पाचवा हिस्सा. तिच्यातही ओकच्या सावलीत गवत धरत नाही.

नानांचं लक्ष सीटकडे नव्हतं. ते टाचा उंचावून हौद्यात पाहत होते. हौदा साडेपाच फुटांचा. जुन्या ट्रकना पुढे दोन माणसांची केबिन आणि मागे आठ फूट हौदा असे. आता पुढे चार दारांचा दिवाणखाना आला आणि मागे उरला तो हौदा. त्यातही झाकण असलेला. डेलने ते उघडून दाखवलं. नानांनी आत बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं.

“एक ओरखडा न्हाई. नवी घेतली का?”

“सहा वर्षं झाली,” मी म्हणालो.

“म्हंजे सहा वर्षं मोकळीच फिरती की रं!”

हे भाषांतर मी केलं नाही. ‘नानांना रंग आवडला,’ असं सांगितलं.

नानांची खरी गट्टी जमली ती दर गुरुवारी गवत कापायला येणाऱ्या पोरांशी. त्यांचा पिकअप वीस वर्षांचा, डेलच्या ट्रकच्या निम्मा दिसणारा, एक दार वेगळ्याच रंगाचं. त्यात तीन यंत्रं, फावडी, मातीची पोती आणि जेवणाचे डबे. नाना मराठीत विचारत, ती पोरं स्पॅनिशमध्ये सांगत, आणि टायर, पाटे आणि वजन या विषयांवर दोन्ही बाजूंचं पूर्ण एकमत होई.

ट्रकची अशी दोन घराणी आहेत हे इथल्या वसाहतींच्या समित्यांना फार पूर्वी कळलं होतं. फ्रिस्कोतल्याच एका उच्चभ्रू वसाहतीत दारात पिकअप उभा करायला बंदी होती, आणि २००८मध्ये एका रहिवाशाने एफ-१५० आणून लावल्यावर तंटा झाला. गंमत अशी, की लिंकन मार्क एलटी त्याच वसाहतीला चालत होती. ती म्हणजे नाव आणि जाळी बदललेली एफ-१५०च. समितीचा राग ट्रकवर नव्हता, ट्रकमधून उतरणाऱ्या माणसाच्या मिळकतीवर होता.

आता डेलची ठाम समजूत अशी, की हा ट्रक त्याने स्वतःच्या मर्जीने घेतला. ‘मी काय चालवायचं हे वॉशिंग्टनने सांगायचं नाही,’ हे त्याचं आवडतं वाक्य. मला त्याचं मन मोडवत नाही, पण हा ट्रक वॉशिंग्टनहूनच आलेला आहे, आणि त्याची सुरुवात एका कोंबडीपासून होते.

साठच्या दशकाच्या आरंभी अमेरिकेची कारखानी कोंबडी इतकी स्वस्त झाली की पश्चिम जर्मनीच्या बाजारात स्थानिक कोंबडीला कोणी विचारेना. युरोपने जकात वाढवली. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३मध्ये उलट जकात लावली: ब्रँडीवर, बटाट्याच्या स्टार्चवर, डेक्स्ट्रिनवर, आणि हलक्या ट्रकवर पंचवीस टक्के. रोख फोक्सवॅगनवर होता. भांडण मिटलं, कोंबड्या विसरल्या गेल्या, बाकीच्या जकाती गेल्या; ट्रकवरची राहिली ती राहिलीच. जगभर राबणारा टोयोटाचा हायलक्स म्हणूनच डेलच्या गल्लीत दिसत नाही. खुद्द फोर्डने तुर्कस्तानात बनवलेल्या छोट्या मालवाहू गाड्या मागच्या सीटा बसवून आणल्या, प्रवासी गाडी म्हणून बंदरात सोडवून घेतल्या आणि मग त्या सीटा उपटून टाकल्या. आपल्याकडच्या जुन्या जकात नाक्यांनीही कान पकडावेत असली कारागिरी. पण मुद्दा असा, की ट्रकच्या धंद्यात देशी कंपन्यांना परक्याची फारशी स्पर्धा उरली नाही, आणि नफा तिथेच साठत गेला.

मग १९७३ची तेलटंचाई आली. १९७५च्या कायद्याने कंपन्यांवर मायलेजचं बंधन घातलं: १९८५पर्यंत मोटारींची सरासरी गॅलनला साडेसत्तावीस मैल झाली पाहिजे. हलक्या ट्रकना मात्र सवलत, कारण ट्रक म्हणजे शेतकरी, सुतार, प्लंबर. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर गुरुवारची पोरं होती. फायदा डेलला झाला. कंपन्यांनी ट्रकच्या सांगाड्यावर मऊ सीटा चढवल्या, त्याला एसयूव्ही म्हटलं, आणि शाळेत पोरं सोडायला जाणारी गाडी सरकारी वहीत ट्रक झाली. क्रायस्लरची पीटी क्रूझर, जिच्यात धड एक कपाट मावलं नसतं, तीसुद्धा या हिशेबात ट्रक होती. पुढे चाकांमधल्या क्षेत्रफळावर मायलेजचं लक्ष्य ठरू लागलं. गाडी जितकी ऐसपैस, तितकी अट सैल. गाड्या ऐसपैस झाल्या, यात कोणाला नवल वाटलं असेल तर ते मला माहीत नाही. २०१८मध्ये फोर्डने जाहीरच केलं, की अमेरिकेत मस्टँग सोडून बहुतेक मोटारी बंद. म्हणजे आज डेलच्या मर्जीने सेडानवर उडी घेतली, तरी फोर्डच्या दुकानात तिला उतरायला जागा नाही.

डेलची बायको घरं विकते. तिच्याकडे शेवरलेची सबर्बन आहे. सामानासकट सहा हजार पौंडांवर वजन जाणारी गाडी धंद्यासाठी घेतली, की करात जी घसघशीत सूट मिळते ती हलक्या मोटारीला मिळत नाही. वहिनींनी गाडी पसंत केली ती वजनकाट्यावर. नाना त्यांना मानून गेले असते.

कोंबडीची ही हकिकत मी डेलला ऐकवली, त्याच्याच अंगणात, त्याच्या हातात भाजलेली तंगडी असताना. तो शांतपणे चघळत राहिला. मग म्हणाला, “बरं झालं, नाहीतर हायलक्स घ्यावा लागला असता.”

डेलला नुसतंच हसून सोडणं बरं नव्हे. फेब्रुवारी २०२१मध्ये टेक्ससची वीज गेली, बाहेर बर्फ, नळ फुटलेले, गल्ली काळोखात. तेव्हा आमच्या सगळ्या शहाण्या, कमी पेट्रोल पिणाऱ्या गाड्या दारात गोठून बसल्या होत्या आणि डेल चारही चाकांना ताकद देऊन बर्फातून पाण्याची खोकी घेऊन घरोघरी फिरत होता. आमच्या दारात त्याने दोन ठेवली आणि काही न बोलता पुढे गेला. ‘कधी लागला तर’चा तो दिवस. असा एक दिवस हाती लागला की पुढची दहा वर्षं कोणी वाद घालायचा नाही.

तरी डेलचा जो सर्वांत खोल मुद्दा आहे, तो ताकदीचा नाही, उंचीचा आहे. ‘उंच बसलं की पुढचं दिसतं.’ खरंच दिसत होतं, जोवर पुढची गाडी बुटकी होती. आता पुढेही डेल, मागेही डेल, आणि सगळ्यांना मिळून समोरच्या डेलचा हूक दिसतो. अगदी जवळचं तर दिसतच नाही. नाना ट्रकपुढे उभे राहिले तेव्हा बॉनेटची कड त्यांच्या छातीला आली. चालकाच्या जागेवरून मला नानांची टोपी दिसत होती, नाना नव्हते. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २०२३मध्ये मांडलं, की चाळीस इंचांहून उंच नाकाच्या गाडीची धडक बसली तर पादचारी दगावण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या नाकाच्या गाडीपेक्षा सुमारे पंचेचाळीस टक्क्यांनी जास्त. २००९ साली देशात चार हजारांच्या थोडे वर पादचारी मेले होते. २०२२मध्ये साडेसात हजारांवर. सगळा दोष बॉनेटचा नाही. रस्ते, वेग, फोन यांचाही वाटा आहे. यावर उपाय म्हणून ट्रकच्या पुढे कॅमेरा बसवतात, आणि काचेसमोर काय आहे ते डेल काचेखालच्या पडद्यावर पाहतो. नाना असेतोवर मात्र तो ट्रक बाहेर काढताना खाली उतरून एक फेरी मारायचा. त्याच्या धंद्यात असले दावे रोज येतात.

गेल्या महिन्यात डेलची मुलगी सोळा वर्षांची झाली आणि तिला गाडी चालवायचा परवाना मिळाला. तिला हवी होती छोटी, पिवळी, दोन दारांची काहीतरी. डेलने तिच्यासाठी अडीच टनांची शेवरले टाहो आणून दारात लावली. पोरगी रुसून बसली.

“अजून शिकते आहे ती,” मी म्हणालो, “छोटी गाडी सोपी पडली असती.”

डेलने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मला इथे येऊन इतकी वर्षं झाली तरी काहीच कळलेलं नाही.

“छोटी गाडी? या रस्त्यांवर? हल्ली केवढाले ट्रक फिरतात, पाहिलंस ना?”

आता दारात तीन गाड्या मावत नाहीत, म्हणून समोरची हिरवळ काढून तिथे काँक्रीट ओतायचं ठरलं आहे. सिमेंट कंत्राटदार आणणार आहे. डेल म्हणाला, हौद्याचा रंग खराब होतो.